कायम झालेले वाक्य

माझ्या कपाटात, घराच्या कागदपत्रांच्या खाली, एक कागद मी नऊ वर्षे दडवून ठेवला होता. त्यावर रुईच्या गाठींचे नंबर आहेत, ओलाव्याचे आकडे आहेत, तळाशी एका माणसाची सही आहे आणि मधोमध लोणच्याच्या तेलाचा तळहाताएवढा पिवळा डाग आहे. हा कागद मी वेळेवर बाहेर काढला असता, तर त्या सही करणाऱ्या माणसाचे नाव न्यायालयाच्या निकालपत्रात खोटा साक्षीदार म्हणून राहिले नसते. मी तो काढला नाही. विसरलो म्हणून नाही, तर डाग माझ्या डब्यातल्या लोणच्याचा होता म्हणून.

अकोल्याच्या ज्या जिनिंग-प्रेसिंग कंपनीत मी गेली तीस वर्षे नोकरी करतो, तेथे ते सही करणारे गृहस्थ ग्रेडर होते. ग्रेडर म्हणजे रुईची, सरकी काढलेल्या कापसाची, प्रत आणि ओलावा ठरवणारा माणूस. त्याने मान हलवल्याशिवाय आमच्याकडे गाठ बांधली जात नसे. हमाल, दलाल, खुद्द कंपनीचे मालक असलेले शेठ, सगळे त्यांना भाऊ म्हणत. मीही भाऊच म्हणे. ते मला बाबू म्हणत, आणि मी पन्नाशी ओलांडली तरी त्यात बदल झाला नाही.

त्यांना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे की या माणसाच्या हाताला जखम झाली आहे. घरून निघताना ते उजव्या हाताला धुतलेल्या मलमलीची पट्टी गुंडाळत आणि नमुन्यांच्या खोलीत आल्यावरच ती सोडत. हात उघडा राहिला तर बोटांना घाम, धूळ, दुसऱ्याच्या हाताचे तेल लागते, मग बोटे खोटे बोलतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे ते कुणाशी हात मिळवत नसत. एकदा बँकेचे नवे मॅनेजर गोदाम पाहायला आले आणि त्यांनी हात पुढे केला. भाऊंनी आपला कोपर पुढे केला. मॅनेजर क्षणभर गोंधळले आणि त्यांनी तो कोपर हातात घेऊन हलवला.

रुईचा चिमूटभर पुंजका दोन अंगठ्यांत धरून ते ओढत, पुन्हा जुळवत, पुन्हा ओढत, आणि शेवटी खालच्या ओठाला लावून डोळे मिटत. ओलावा मोजायचे यंत्र खोलीत होतेच, पण त्याची पाळी नंतर येई. "बोलते," असे ते म्हणाले की रुई कोरडी. "घुम्मी हाय," म्हणाले की ओली, ती बाजूला. ओठाचा आकडा ते आधी सांगत, मी लिहून घेई, मग यंत्र लावत. दोन्ही बहुधा जुळत. न जुळले तर म्हणत, "मशीनले सर्दी झाली असन. पुन्हा लाव." पुन्हा लावूनही यंत्रच बरोबर ठरले, तर मात्र थट्टा तेथे संपे. ते माझ्याजवळ उभे राहून मला लिहायला लावत: ग्रेडर चुकला. त्याखाली सही करत.

"हे कशाला लिहायचं, भाऊ? आकडा दुरुस्त केला म्हणजे झालं," असे मी एकदा म्हणालो होतो.

"आकडा दुरुस्त होते," ते म्हणाले. "मानूस कसा दुरुस्त होईन मंग?"

माझ्या नोकरीत हे दोन शब्द मी तीन वेळा लिहिले.

नमुन्यांच्या खोलीचे त्यांचे काही नियम होते. तेथे चहा नाही, पान नाही, अत्तर नाही, आणि डबा तर नाहीच. रुई वास धरते आणि कागदही, असे ते सांगत. शेठांचे जावई एकदा डोक्याला चमेलीचे तेल थापून आत आले. भाऊंनी त्यांना दारातच थांबवले. "पाहुने, डोकं धुऊन या," ते म्हणाले. जावई तडक शेठांकडे गेले. शेठ सगळे ऐकून हसले आणि म्हणाले, "मी बी धुऊनच जातो. नळ तिकडं हाय."

नोंदी लिहिण्याचे काम माझे होते, कारण हात स्वच्छ ठेवायचा म्हणून ते काम चालू असताना पेनाला शिवत नसत. ते आकडे सांगत आणि मी छापील फॉर्मवर उतरवून घेई. संध्याकाळी ते प्रत्येक ओळीवरून बोट फिरवून वाचत आणि मग सही करत. सीझन संपला की हे सुटे फॉर्म एकत्र बांधून त्यांचे रजिस्टर होई. माझे अक्षर चांगले होते. त्या अक्षराचा मला अभिमान होता, आणि या साऱ्या प्रकरणात त्या अभिमानाचाही हात आहे.

अकोल्याच्या कापूसबाजारात विकणारा आणि घेणारा यांच्यात वाद झाला की भाऊंना पंच म्हणून बोलावणे येई. वादातली गाठ फोडायची, आतून पुंजका काढायचा, ओठाला लावायचा आणि एकच शब्द बोलायचा. तो शब्द दोघांनीही मानायचा. त्यासाठी ते काही घेत नसत, पण त्यांची एक अट असे. फोडलेल्या गाठीचे कापड वादातल्या दोघांनीच शिवायचे. एकाने धरायचे, दुसऱ्याने दाभण घालायचा. हमाल लावलेला चालत नसे. लाखोंचे व्यवहार करणारे दोन ढेरपोटे व्यापारी गाठीवर ओणवे होऊन सुतळी ओढत आहेत आणि हमाल कमरेवर हात ठेवून "शेठ, टाका सैल पडून राह्यला" म्हणून सूचना करत आहेत, हे दृश्य मी अनेकदा पाहिले. शिवून होईपर्यंत बहुतेकांची बोलणी पुन्हा सुरू झालेली असत.

भाऊंचे वडील याच प्रेसवर पाठीवरून गाठी वाहत असत. नमुन्यांच्या खोलीत स्वतःची खुर्ची असलेले भाऊ हे त्यांच्या वस्तीतले पहिले. दर पौर्णिमेला ते काम लवकर आटोपून विहारात जात, आणि जाताना पट्टी नव्याने धुतलेली असे. मी अमरावतीच्या राजापेठेतला, शिक्षकाच्या घरात वाढलेला. माझ्या शब्दावर कुणी कधी संशय घेतला नाही. त्यांना मात्र आपला शब्द प्रत्येक गाठीगणिक नव्याने सिद्ध करावा लागे. हे मला तेव्हा दिसत नव्हते असे म्हणालो तर ते खोटे होईल. दिसत होते, मी तिकडे पाहत नव्हतो.

आता तो कागद.

हिवाळ्याचे दिवस होते, सीझन भरात होता, फाटकाबाहेर मालाच्या गाड्यांची रांग लागली होती. भाऊ प्रेसवर गेले होते. ओसरीवर जाऊन जेवायला वेळ नव्हता, म्हणून मी नमुन्यांच्या खोलीतच डबा उघडला, त्या दिवसाच्या फॉर्मशेजारी. लोणच्याची वाटी कलंडली. मी रुईच्या पुंजक्याने तेल टिपले, त्याने ते अधिकच पसरले. आकडे वाचता येत होते, पण डाग लपण्यासारखा नव्हता. संध्याकाळी सहीच्या वेळी मी फॉर्मांची चळत अशी धरली की त्या कागदाचा फक्त तळ दिसावा, आणि सगळे आकडे मीच मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी सही केली. तो कागद मी फायलीच्या तळाशी घातला.

उन्हाळ्याच्या तोंडाला फॉर्म बांधायला काढले तेव्हा तो वर आला. छापखान्यातून नवे फॉर्म नुकतेच आले होते. मी सुवाच्य अक्षरात सगळी नोंद नव्या फॉर्मवर उतरवली, जुनीच तारीख घातली आणि भाऊंकडे गेलो. पौर्णिमा होती. हाताला पट्टी बांधून ते निघाले होते.

"भाऊ, एक सही राहून गेली होती."

"आकडे थेच?"

"तेच."

त्यांनी पट्टीतूनच दोन बोटे बाहेर काढली आणि सही केली. न वाचता, न ऐकता सही करताना मी त्यांना त्या एकाच वेळी पाहिले. आकडे खरोखरच तेच होते, आणि पुढे कित्येक वर्षे मी एवढ्याच वाक्याच्या आधाराने झोपलो. जुना कागद फाडायला हात धजेना, म्हणून तो घरी नेला.

त्या पानावर ज्या शंभर गाठींची नोंद होती, त्या नांदगाव पेठच्या एका सूतगिरणी कंपनीला गेल्या. काही महिन्यांनी गिरणीने कळवले की माल ओला निघाला, आतून काळा पडला. आमचे म्हणणे होते की येथून कोरडा गेला. भिजला असेल तर त्यांच्या आवारात. गिरणीने अमरावतीच्या न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला. आमच्या बाजूचा मुख्य पुरावा म्हणजे ते रजिस्टर, आणि मुख्य साक्षीदार भाऊ.

उलटतपासणीच्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. गिरणीच्या वकिलांनी ते पान भाऊंच्या हातात दिले.

"सही तुमची?"

"माह्यीच."

"नोंद त्याच दिवशी केली?"

"आकडे त्याच दिवशीचे हायेत."

"खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत काय छापलंय, वाचा."

फॉर्म कोणत्या महिन्यात छापला ते तेथे होते. नोंदीच्या तारखेच्या तीन महिने पुढचा तो महिना होता.

भाऊंनी कागद अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हलकेच चोळला, रुई चोळत तसा. मग त्यांनी मान वर करून मागच्या बाकाकडे पाहिले. जेमतेम एक श्वास. नंतर ते पुन्हा न्यायाधीशांकडे वळले.

"कागदाचं मले माहीत नाई," ते म्हणाले. "आकडे खरे हायेत. सही माह्यी हाय."

"लिहिलं कुणी?"

"मी सांगतले थेच लिहेल हायेत."

मी उठून उभा राहू शकलो असतो. बाहेर ओसरीत आमच्या वकिलांनी मला विचारले, "हा कागद आला कुठून?" मी म्हणालो, "बांधताना काही सरमिसळ झाली असेल." निकालात न्यायाधीशांनी लिहिले की या साक्षीदाराने मागाहून तयार केलेला दस्तऐवज अस्सल म्हणून पुढे केला, त्यामुळे त्याची साक्ष विश्वासास पात्र नाही. दावा गिरणीच्या बाजूने लागला.

त्यानंतर कापूसबाजारातून बोलावणी येणे थांबले. कुणी तोंडावर काही बोलले नाही. एका दलालाने मात्र चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "आता भाऊची तारीख पाहा लागन, मंग रुई." लोक हसले. मीही तेथे होतो. हसलो नाही, एवढेच. आणि हे 'एवढेच' मी पुष्कळ दिवस स्वतःच्या बाजूने मोजत होतो.

कंपनीने वरच्या न्यायालयात अपील केले. मसुदा तयार करताना वकील म्हणाले, "मूळ कागद मिळाला तर सगळं चित्र पालटेल. शोधा." मी दोन दिवस गोदामात शोधण्याचे नाटक केले. भाऊ माझ्याबरोबर पेट्या हलवू लागत.

अपील तीन वर्षे पडून राहिले. तोवर दोन्ही कंपन्यांच्या लक्षात आले की गिरणीला रुई हवी आहे आणि आम्हाला गिऱ्हाईक. बडनेऱ्याच्या एका लग्नात दोन्ही मालक एकाच टेबलावर जेवले आणि तेथेच ठरले: गिरणीने रक्कम कमी करून घ्यायची, नव्या सीझनचा माल आमच्याकडून उचलायचा, आणि आम्ही अपील आपणहून मागे घ्यायचे.

भाऊंना हे कळले तेव्हा ते शेठांच्या खोलीत आले. मी तेथे पुरसिस लिहीत होतो. अपील मागे घेत असल्याचे न्यायालयाला कळवणारे ते निवेदन.

"शेठ, पैशाचं तुमी पाहा," भाऊ म्हणाले. "त्याच्यात माह्या नावाचं एक वाक्य हाय. तेवढं काढून घ्या, मंग घ्या मागं."

"अरे भाऊ, अपील मागं घेतलं की सगळं संपलं ना. कोन वाचते थो निकाल?"

"संपत नाई शेठ. कायम होते."

शेठांनी माझ्याकडे पाहिले. कायद्याचे थोडेफार मला कळते असा त्यांचा समज होता. "काय हो, खरं हाय का?"

मला माहीत होते की ते खरे आहे. अपील चालले असते तर ते वाक्य तपासले गेले असते. मागे घेतले की खालचा निकाल अक्षरशः जसाच्या तसा राहतो. मला हेही माहीत होते की अपील चालले तर कुणीतरी पुन्हा विचारेल, लिहिले कुणी. मी म्हणालो, "तांत्रिक बाब आहे. त्याचा आता कुणाला काही त्रास नाही."

हे बोलताना माझी मान वर नव्हती. पुरसिसवर कंपनीतर्फे सहीही मीच केली, आणि सही करताना मला जे वाटले त्याला सुटका याखेरीज दुसरा शब्द नाही.

न्यायालयात दोन मिनिटे लागली. अपील विनाशर्त मागे घेता का, असे न्यायाधीशांनी विचारले. आमचे वकील हो म्हणाले. अपील निकाली निघाले. भाऊ अकोल्याहून एकटेच पहाटेच्या एसटीने आले होते आणि शेवटच्या बाकावर बसले होते. बाहेर आल्यावर दोन्ही कंपन्यांची माणसे एकमेकांना चहाला बोलावत होती. भाऊ तिकडे बघत माझ्याजवळ उभे राहिले.

"झालं?"

"झालं, भाऊ."

"गाठ शिवली दोघाइनं," ते म्हणाले. "मी आतच राह्यलो."

मग त्यांनी हाताची पट्टी सोडली, तिने चेहरा पुसला आणि घडी करून खिशात ठेवली. त्यानंतर मी ती त्यांच्या हाताला पुन्हा पाहिली नाही. सीझन संपताच ते नोकरी सोडून मोर्शीला मुलीकडे राहायला गेले.

माझा अपराध मला कोणत्याही एका क्षणी कळला असे नाही. तो मला पहिल्या दिवसापासून कळत होता. गेल्या उन्हाळ्यात नव्या ग्रेडरने एका नोंदीवर सही करायला माझ्यापुढे कागद धरला आणि मी न वाचता सही केली. तो पोरगा सहज म्हणाला, "साहेब, वाचा ना. माझ्यावर एवढा विश्वास बरा नाही." मी त्या संध्याकाळी कपाट उघडले. पुढच्या रविवारी मोर्शीला गेलो.

मुलीच्या घरामागे संत्र्याची बाग होती. भाऊ झाडाखाली खाटेवर बसले होते, दोन्ही हात उघडे, नखांत माती. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि सगळे सांगितले. डबा, डाग, नवा फॉर्म, बाक, पुरसिस. त्यांनी कागद नाकाशी नेला.

"आंब्याचं होतं," ते म्हणाले.

"हो."

"त्या दिवशी खोलीत येताच वास आला होता मले. म्हटलं, बाबू भुकेला असन, जाऊ दे. तवाच रागावलो असतो, तं तुले हे लपवा लागलं नसतं."

"कोर्टात तुम्हाला कळलं होतं?"

"कागद हातात आला तवाच. कोरा करकरीत होता थो. सीझनभर रुईत राह्यलेला कागद असा नसते."

"मग माझं नाव का नाही घेतलं?"

"लिहिलं कोनं थे पुसलं त्याइनं, पन जिम्मा सहीवाल्याचा असते. सही माह्यी होती. न वाचता केली, थे बी माह्यंच." त्यांनी कागद माझ्या गुडघ्यावर ठेवला. "तू काहून नाई उठला, याचा मातर मी लय दिवस इचार करून राह्यलो होतो."

मी वाकून त्यांच्या पायांकडे हात नेला, त्यांनी पाय मागे घेतले.

"मले सांगून काय फायदा, बाबू? मले तं माहीत हाय. ज्याइले माहीत नाई, त्याइले सांग."

एवढे बोलून त्यांनी मुलीला हाक मारली आणि पाहुण्याला संत्री बांधून द्यायला सांगितले.

आमच्याकडे सीझनची सुरुवात मुहूर्ताच्या मापाने होते. पहिल्या गाडीचा कापूस काट्यावर चढवण्याआधी काट्याची पूजा होते आणि बाजारातले सगळे व्यापारी, दलाल, गिरण्यांची माणसे जमतात. आदल्या दिवशी मी शेठांना सांगितले की मला तेथे बोलायचे आहे, आणि काय बोलायचे तेही सांगितले. त्यांनी कागद उजेडात धरून डाग पाहिला.

"अपील निकाली निघालं. आता काहून उकरून राह्यले तुमी? दोन वर्षं राह्यली तुमच्या नोकरीची."

"म्हणूनच, शेठ. दोनच राहिलीत."

"गिरनीवाले बी येऊन राह्यले उद्या."

"त्यांनीही ऐकावं."

शेठांनी कागद परत दिला. "बोला," ते म्हणाले. "पन थोडक्यात."

भाऊंना मी फोनवर दिवस कळवला होता. येतो म्हणाले नव्हते. पूजा चालू असताना फाटकातून आत येताना दिसले, आणि मागे रिकाम्या बारदानाच्या थप्पीवर जाऊन बसले. टपरीवर तारखेची थट्टा करणारा तो दलाल पुढच्याच रांगेत होता. नांदगाव पेठच्या गिरणीचे खरेदी अधिकारी त्याच्या शेजारी होते. काट्यावर झेंडूची माळ होती. नारळ फुटला, शेठांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी पुढे झालो. माझा आवाज मुळातच लहान आहे. मागून कुणीतरी "मोठ्यानं" म्हणाले.

म्हणून मी मोठ्याने बोललो.

"गिरणीच्या दाव्याच्या निकालात भाऊंबद्दल एक वाक्य आहे, तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे. त्यांची साक्ष विश्वासाची नाही, असं ते वाक्य आहे. हा पाहा त्या दिवसाचा मूळ कागद, त्याच दिवशीची त्यांची सही. यावर तेल मी सांडलं. नवा कागद मी लिहिला. त्यांना खोटं सांगून सही मी घेतली. कोर्टात ते माझ्याकडे पाहत होते तेव्हा मी बसून राहिलो, आणि अपील मागे घेताना हा कागद माझ्या घरी होता. निकाल आता बदलत नाही. म्हणून त्यांच्याच पद्धतीनं, तुमच्या समोर, या कागदाखाली मी आज लिहून आणलंय आणि सही केली आहे: ग्रेडर चुकला नव्हता, लिहिणारा चुकला. भाऊ, मी तुमची माफी मागतो."